हुकूम राजाचा, काम तिचे

गेल्या वर्षी एका कार्यालयीन प्रशिक्षणाला बसण्याचा योग आला. जेवणानंतरचे सत्र होते, पडद्यावर सोनेरी शिंगांचे एक हरीण चितारले होते आणि वक्ते एक रशियन लोककथा रंगवून सांगत होते. राजाने आपल्या पदरच्या शिकाऱ्याला फर्मावले, 'कुठे ते मला ठाऊक नाही, तिथे जा. काय ते मला ठाऊक नाही, ते घेऊन ये.' शिकारी डगमगला नाही, सबबी सांगत बसला नाही, निघाला आणि घेऊन आला. पडद्यावरच्या पुढच्या चौकटीत तुकोबा होते : 'असाध्य ते साध्य करितां सायास'. त्याच्या पुढच्या चौकटीत त्या तिमाहीचे टार्गेट होते. टाळ्या पडल्या, आणि खोटे कशाला सांगू, मीही वाजवल्या.

मूळ गोष्ट मी लहानपणी वाचलेली होती. मॉस्कोत छापलेली रशियन पुस्तके तेव्हा मराठीतही येत आणि प्रदर्शनांत अगदी स्वस्त मिळत. आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या कपाटात ती अजून असतील. त्यामुळे घरी येताना बसमध्ये माझ्या ध्यानात आले की वक्त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत शिकाऱ्याची बायको कुठेच नव्हती. ती राजाला हवी होती, म्हणून नवऱ्याला वाटेला लावायचे होते, हेही गाळलेले होते. हरणापासून अज्ञात वस्तूपर्यंतची सगळी कामे ज्यांनी केली, त्यांतले कोणीच गोष्टीत उरले नव्हते. उरले होते ते एक फर्मान आणि एक आज्ञाधारक माणूस. वेळेअभावी झालेली ही काटछाट होती असे मला वाटत नाही. या गोष्टीतून राजाचा हेतू काढून टाकला की ती उलटी होते आणि राजाच्या बाजूने बोलू लागते. अशक्य उद्दिष्टे सांगणाऱ्यांना जाब विचारायचा, की ती पार पाडणाऱ्यांना हार घालायचे, हा प्रश्न आज कार्यालये, शाळा आणि सरकारी खाती अशा सगळ्या ठिकाणी उभा आहे, आणि त्याचे उत्तर या गोष्टीत प्रशिक्षणातल्यापेक्षा फार वेगळे दिले आहे, असे माझे म्हणणे आहे.

ही कथा अलेक्सांद्र अफानास्येव यांच्या संग्रहात आहे. १८५५ ते १८६३ या काळात आठ भागांत निघालेल्या त्या संग्रहात सहाशेच्या आसपास कथा आहेत. अफानास्येव यांनी गावोगाव हिंडून स्वतः टिपलेल्या कथा त्यांत थोड्या. बहुतेक रशियन भूगोल परिषदेच्या संग्रहातून आणि कोशकार व्लादिमिर दाल यांच्याकडून आलेल्या. अफानास्येव मॉस्कोत परराष्ट्र खात्याच्या दप्तरखान्यात नोकरीला होते. देशाबाहेर गेलेल्या एका क्रांतिकारकाशी संबंध असल्याच्या संशयावरून १८६२ मध्ये त्यांच्या घराची झडती झाली, नोकरी गेली, पुढे पोटासाठी ग्रंथसंग्रह विकावा लागला आणि १८७१ मध्ये क्षयाने ते वारले. राजाची मर्जी फिरली की माणसाचे काय होते, हे या संग्राहकाला पुस्तकाबाहेरही कळले.

गोष्टीतल्या शिकाऱ्याचे नाव फेदोत. अविवाहित राजाच्या पदरी शिकाऱ्यांची एक तुकडी असते, त्यांतला हा सर्वांत नेमबाज. एकदा त्याच्या हातून होला पक्ष्याची मादी पंखात जखमी होते. तो तिची मान मुरगळणार, तोच ती बोलते : मला मारू नकोस, घरी ने, खिडकीत ठेव, आणि मला डुलकी लागली की उजव्या हाताने फटका मार. तिची सुंदर स्त्री होते, दोघांचे लग्न होते. संसारात पैशाची ओढाताण आहे हे पाहून ती नवऱ्याला उसनेपासने करून रंगीबेरंगी रेशीम आणायला सांगते आणि आपल्या जादूच्या पोथीतून बोलावलेल्या दोन सेवकांकडून रातोरात एक गालिचा विणवून घेते. त्यावर सबंध राज्य उमटलेले असते, शहरे, खेडी, नद्या, तळी सगळे. गालिचा पेठेत न्यावा, पण किंमत आपण सांगू नये, देतील ती घ्यावी, असा तिचा सल्ला. राजाचा कारभारी तो विकत घेतो, राजा त्याच्याकडून घेतो, मग कारभारी दुसरा गालिचा सांगायला फेदोतच्या घरी जातो आणि तिला पाहून शुद्ध हरपून परततो. मग राजा स्वतः जाऊन पाहतो आणि ठरवतो की ही बाई राणी व्हायला हवी.

इथून पुढे जे घडते ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. राजा फेदोतला ठार मारत नाही. तो कारभाऱ्याला बोलावतो आणि म्हणतो की याला संपवण्याची युक्ती काढ, नाहीतर तुझे डोके उडवीन. म्हणजे या कथेतला पहिला असाध्य हुकूम सुटतो तो कारभाऱ्यावर. तो बिचारा गल्लीबोळांतून मान खाली घालून फिरतो, त्याला बाबा यागा ही चेटकीण भेटते आणि युक्ती सांगते. जगाच्या टोकाला एक बेट आहे, तिथे सोनेरी शिंगांचे हरीण हिंडते, ते आणायला फेदोतला पाठव. जहाज द्यायचे ते जुने, कुजके. खलाशी द्यायचे पन्नास, सगळे अट्टल दारुडे. जायला तीन वर्षे, यायला तीन वर्षे, म्हणून शिधा द्यायचा सहा वर्षांचा. महिन्या-दोन महिन्यांत जहाज बुडेल आणि कोणाच्या अंगाला रक्त लागणार नाही.

हे कलम वाचताना मला नेहमी हसू येते आणि मग येत नाही. कागदावर यात खोट काढता येणार नाही. मोहीम मंजूर आहे, जहाज मंजूर आहे, मनुष्यबळ मंजूर आहे, सहा वर्षांची तरतूद आहे. उद्या जहाज बुडाले तर चौकशीत एवढेच निघेल की साधने सगळी पुरवली होती, कामगिरी करणारा कमी पडला. असाध्य काम सांगणे ही खुनाची सभ्य रीत आहे, हे त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या रशियन शेतकऱ्यांना पक्के ठाऊक होते. आपल्याकडेही ज्याला काढायचे त्याला कोणी थेट काढत नाही. त्याच्याकडे असे काम सोपवतात की तो आपणहून निघून जावा.

फेदोत रडत घरी येतो. बायको म्हणते, हे काम कसले, खरे काम तर पुढे आहे. तू निजून घे, रात्रीपेक्षा सकाळ शहाणी. आणि सकाळपर्यंत पोथीतले सेवक हरीण आणून पेटीत बंद करून ठेवतात. काम झाले. पण आता मौज पाहा. हरीण घरात आहे आणि तरीही फेदोतला जहाजावर चढावे लागते. बायकोच्या सांगण्याप्रमाणे तो पाच दिवस समुद्रात जातो, मग खलाशांसाठी दारूचे पिंप फोडतो, ते पिऊन लोळू लागतात, आणि तो सुकाणू फिरवून परत येतो. कामगिरी झाली एवढे पुरत नाही, कामगिरीवर गेल्याचे दिसावे लागते. राजा पेटी पाहतो, हरीण पाहतो, त्याला बोलायला जागा उरत नाही. आणि कळस म्हणजे त्या पन्नास दारुड्या खलाशांना सहा वर्षांची रजा मिळते, कारण सरकारी हिशेबाने ती सहा वर्षांची चाकरी त्यांनी बजावून झालेली असते. हुकूम खोटा असला की त्याची पूर्तताही खोटी होते, नोंदवही खोटी होते आणि त्या नोंदवहीवरून मिळणारी रजाही खोटी असते. मात्र प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाशी तंतोतंत जुळतो.

आणि हरीण आणून फेदोत सुटत नाही. राजा कारभाऱ्यावर उखडतो, कारभारी पुन्हा बाबा यागाकडे जातो, आणि यावेळी ती चेटकीण आणखी पुढची पायरी गाठते. पहिल्या कामात निदान काय आणायचे ते सांगितले होते. दुसऱ्यात तेही नाही. ज्या कामाची व्याख्याच केलेली नाही ते कधी पुरे झाले हे ठरवणार कोण? राजाच. फेदोतने उद्या काहीही आणून ठेवले तरी 'हे ते नव्हे' म्हणायची मुभा त्याने आधीच आपल्या पदरात घेतलेली आहे. माझ्या मते गोष्टीचे मर्म या दोन कामांच्या क्रमात आहे. एक असाध्य काम पार पाडले की हुकूम देणाऱ्याला पश्चात्ताप होत नाही. त्याला एवढेच कळते की आपण सांगितलेले काम पुरेसे असाध्य नव्हते.

लेनिनग्राडचे अभ्यासक व्लादिमिर प्रोप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांची रचना उलगडून त्यांतल्या घटनांची एकतीस कार्ये, म्हणजे कथा पुढे नेणारे ठरावीक टप्पे, सांगितली. 'अवघड काम' हे त्यांतले पंचविसावे आणि 'कामाची पूर्तता' हे सव्विसावे. एरवी अद्भुतकथांत ही कामे वधूसाठी असतात : राजकन्या हवी तर एका रात्रीत महाल बांध, रानटी घोडा वठणीवर आण. तिथे काम ही परीक्षा असते, आणि परीक्षेला शेवट असतो; उत्तीर्ण झाला की मुलगी मिळते, अर्धे राज्य मिळते. फेदोतची गोष्ट या साच्यात उलट्या बाजूने शिरते. त्याचे लग्न आधीच झालेले आहे. इथे काम सांगितले जाते ते बायको देण्यासाठी नाही, काढून घेण्यासाठी. जगभरच्या लोककथांच्या वर्गीकरणातही हिचे घर वेगळे आहे : सुंदर बायकोपायी छळला गेलेला माणूस. परीक्षा आणि छळ बाहेरून सारखेच दिसतात, दोन्हींत एक माणूस कपाळाला आठ्या घालून अवघड काहीतरी करत असतो. फरक फक्त सांगणाऱ्याच्या पोटात असतो, आणि म्हणून तो गोष्टीतून गाळता येत नाही.

इथे कोणी म्हणेल की मग फेदोतने साफ नकार का दिला नाही, किंवा आपल्या बिरबलासारखी युक्ती का लढवली नाही? बादशहाने बैलाचे दूध मागितले तेव्हा बिरबलाच्या मुलीने मध्यरात्री महालाखाली धोपटून धुणे धुतले आणि विचारणा झाल्यावर सांगितले की वडील बाळंत झाले आहेत, दिवसा वेळ मिळाला नाही. ही रीत रशियनांनाही माहीत आहे, आणि अफानास्येव यांच्याच संग्रहात आहे. सात वर्षांच्या एका मुलीला राजा दीडशे अंडी पाठवतो आणि सकाळपर्यंत दीडशे पिल्ले उबवून मागतो. ती अंडी बापलेक खाऊन टाकतात आणि ती राजाला निरोप धाडते : पिल्लांना एका दिवसाचे धान्य लागते, एकाच दिवसात शेत नांगरून, पेरून, कापून, मळून तेवढे पाठवा, दुसरे ती टिपत नाहीत. चालत येऊ नकोस, घोड्यावर येऊ नकोस, उघडी येऊ नकोस, कपड्यांत येऊ नकोस, असे फर्मावल्यावर ती अंगावर जाळे ओढून सशावर बसून येते.

मुलीची गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही. पण ती ज्या राजापुढे घडते तो राजा वेगळा आहे. तो एका शिंगराच्या मालकीचा तंटा सोडवायला बसला आहे आणि कोडी घालतो आहे. अकबरही कोडीच घालतो आहे. हास्यास्पद हुकमाला हास्यास्पद उत्तर दिले की हे दोघे हसतात, चार लोकांपुढे खजील होतात आणि हुकूम मागे घेतात. युक्ती चालते ती समोरच्याला लाज आहे म्हणून. फेदोतच्या राजाला लाज नाही, आणि तो कोडेही घालत नाही. 'एका दिवसाचे धान्य पाठवा' असे त्याला सांगितले असते तर त्याने आनंदाने उद्धटपणाचा आरोप ठेवून काम उरकले असते. 'स्पष्ट बोलायला काय झाले होते?' असा प्रश्न नंतर विचारणारे बहुधा हाच फरक विसरतात.

विसाव्या शतकात रशियात राज्य बदलले, राजा गेला आणि गोष्ट मात्र नव्याने सुरू झाली. सोव्हिएत वैमानिकांच्या एका गाजलेल्या कूचगीताची सुरुवातच अशी आहे की परीकथा खरी करून दाखवायला आपण जन्मलो आहोत. कोणती परीकथा, हे गीत सांगत नाही. पहिली पंचवार्षिक योजना चार वर्षांत पुरी करायची अशी घोषणा झाली, आणि १९३१ च्या एका भित्तिपत्रकावर तर गणितच मांडलेले आहे : दोन अधिक दोन, त्यात कामगारांचा उत्साह मिळवला की बरोबर पाच. मला त्या चित्रकाराचा राग येत नाही. त्याने सांगितलेले काम केले. पण गोष्टीत दोन आणि दोनचे पाच करायला पोथीतले सेवक होते. भित्तिपत्रकातला वरचा एक कोणाच्या हाडांतून येणार होता ते तिथे लिहिलेले नाही.

१९३५ च्या ३० ऑगस्टच्या रात्री युक्रेनमधल्या दोनबास या कोळसाखाणींच्या भागातल्या कादियेवका इथल्या खाणीत अलेक्सेइ स्ताखानोव या कामगाराने पावणेसहा तासांच्या पाळीत १०२ टन कोळसा काढला. नेमून दिलेले प्रमाण होते सात टन, म्हणजे हा चौदा पटींहून अधिक. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले, देशभर त्याच्या नावाची चळवळ सुरू झाली. त्या पाळीत प्रत्यक्षात काय झाले होते? एरवी खाणकामगार काही वेळ कोळसा फोडी, मग थांबून वरचे छत कोसळू नये म्हणून लाकडी टेकू उभारी, मग पुन्हा फोडी. त्या रात्री स्ताखानोवने हवेच्या दाबावर चालणारा हातोडा खाली ठेवलाच नाही, कारण टेकू लावायला त्याच्यामागे दोन माणसे दिली होती. त्यांची नावे शिगोल्योव आणि बोरिसेन्को. कामाची विभागणी म्हणून ही कल्पना मुळीच वाईट नाही, उलट चांगली आहे. पण तीन माणसांच्या घामाला एका माणसाच्या नावावर मांडले, तेव्हा आकडा पराक्रमाचा झाला. आणि पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, अनेक उद्योगांतली कामाची नेमून दिलेली प्रमाणे वाढवण्यात आली. ज्यांच्यामागे टेकू लावायला कोणी नव्हते, त्यांचीही. हरीण आले की पुढचा हुकूम सुटतो, तो फक्त फेदोतवरच सुटेल असे नाही.

याहून भयंकर उदाहरण र्‍याझानचे आहे. मॉस्कोच्या आग्नेयेचा हा शेतीचा प्रांत. मांस आणि दुधाच्या उत्पादनात अमेरिकेला गाठायचे, अशी घोषणा सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी १९५७ मध्ये केली होती. र्‍याझानचे पक्षप्रमुख अलेक्सेइ लारिओनोव यांनी १९५९ च्या आरंभी जाहीर वचन दिले की त्यांचा प्रांत एका वर्षात सरकारला तिप्पट मांस देईल, दीड लाख टन. 'प्रावदा' या पक्षाच्या वर्तमानपत्रात ते झळकले आणि मग दुसऱ्या प्रांतांनाही तशीच वचने देणे भाग पडले. ज्याला जनावरांचे काही कळते त्याला हेही कळते की गाय तिप्पट वेगाने वाढत नाही. मग त्या वर्षीची वासरे कापली. दुभती जनावरे कापली. शेतकऱ्यांच्या घरची खासगी गुरे परत देण्याच्या बोलीवर नेऊन कापली. तरी आकडा भरेना, तेव्हा शेजारच्या प्रांतांतून मांस विकत आणून आपल्या नावावर जमा केले. डिसेंबरात वचनपूर्ती जाहीर झाली आणि लारिओनोव यांना 'समाजवादी श्रमवीर' हा किताब मिळाला. पुढच्या वर्षी त्याच प्रांताने जेमतेम तीस हजार टन मांस दिले, कारण कापायला काही उरलेच नव्हते. १९६० च्या सप्टेंबरात लारिओनोव यांनी आत्महत्या केली.

इथे राजा कोण, कारभारी कोण आणि फेदोत कोण, याचा हिशेब सरळ लागत नाही, आणि म्हणूनच मला हे प्रकरण महत्त्वाचे वाटते. लारिओनोव फेदोतसारखे निरपराध नव्हते; त्यांनी वचन स्वतः दिले होते. पण ज्या कारभाऱ्याला 'युक्ती काढ, नाहीतर डोके उडवीन' असे सांगितले जाते, तोही आपल्या परीने स्वेच्छेनेच बाबा यागाकडे जातो. वरून दबाव येतो, तो खाली सरकवावा लागतो, आणि सर्वांत खाली जो असतो त्याच्याजवळ सरकवायला कोणी नसल्यामुळे तो आपली गाय देतो. र्‍याझानच्या कोणत्याही कागदावर त्या वर्षी लबाडी दिसली नसती. मांस मोजलेले होते, पावत्या होत्या. सहा वर्षांची रजा मिळालेल्या त्या पन्नास खलाशांसारखे सगळे हिशेबात चोख होते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. असाध्य वाटणारे ध्येय समोर ठेवल्याशिवाय मोठे काम कधी होते का? याच देशाने १९६१ मध्ये गागारिनला अवकाशात पाठवले ना? पाठवले. पण ते काम राजाच्या हुकमाच्या जातीचे नव्हते. रॉकेटांचे अभियंते सेर्गेइ कोरोल्योव यांना १९३८ मध्ये अटक झाली, दूर ईशान्येकडच्या कोलिमाच्या सोन्याच्या खाणींत त्यांनी शिक्षा भोगली, आणि तिथून परतलेल्या याच माणसाने १९५४ मध्ये सरकारपुढे कृत्रिम उपग्रहाचा प्रस्ताव मांडला. म्हणजे काय आणायचे आणि कुठून आणायचे हे ज्याला ठाऊक होते त्याने ध्येय ठरवले आणि राजाला ते पटवून दिले. उलट अमेरिकेचे दोन माणसांचे यान तयार होत असताना तिच्याआधी तीन माणसे वर पाठवण्याची राजकीय घाई झाली, तेव्हा १९६४ च्या ऑक्टोबरात 'वोस्खोद' या यानात एका माणसासाठी आखलेल्या कुपीत तिघांना बसवले गेले, आणि जागा पुरावी म्हणून अवकाशपोशाख घालू दिले नाहीत. तिघेही सुखरूप उतरले. बेत यशस्वी झाला म्हणून तो शहाणपणाचा होता असे म्हणायचे असेल तर राजाचे कुजके जहाजही पाच दिवस तरंगलेच होते.

तुकोबांची ती ओळ पडद्यावर चिकटवणाऱ्याने तुकोबांचाच अभ्यासावरचा दुसरा एक अभंगही वाचला असता तर बरे झाले असते. 'ओलें मूळ भेदी खडकाचें अंग' असे तो अभंग सुरू होतो. खडक भेदणारे मूळ कोणाच्या हुकमाने भेदत नाही, ते आपल्या ओलाव्याच्या बळावर आणि आपल्या गतीने जाते. दोन्ही अभंगांत सायास साधकाचे आहेत आणि साध्यही साधकाचेच आहे. तिमाहीचा आकडा वरून खाली आलेला असतो, आणि तो का आला हे बहुधा सांगितलेले नसते. त्या आकड्याच्या शेजारी तुकोबांना उभे करणे मला अनादराचे वाटते.

आता गोष्टीचा उरलेला भाग, जो प्रशिक्षणात कधीच सांगितला जात नाही. दुसऱ्या कामाच्या वेळी फेदोतची बायको प्रथमच हतबल होते. पोथीतल्या सेवकांना ती विचारते, त्यांनाही ठाऊक नसते. ती नवऱ्याला सुताचा एक गुंडा देते, तो घरंगळेल तिकडे जायचे, आणि आपल्या हाताने भरलेला एक रुमाल देते, तोंड धुतल्यावर त्यालाच पुसायचे. गुंडा त्याला एका वाड्यात आणतो, तो तोंड पुसतो, आणि वाड्यातल्या तिघीजणी तो रुमाल ओळखतात, कारण त्या तिच्या बहिणी असतात. त्यांची आई रानातली सगळी जनावरे आणि आकाशातली पाखरे बोलावून विचारते. कोणालाच माहीत नाही. शेवटी माहिती निघते एका म्हाताऱ्या लंगड्या बेडकीकडे, जी चाकरीतून निवृत्त झालेली आहे आणि जिला तोवर कोणी काही विचारलेले नव्हते. ती फुगून गंजीएवढी होते आणि फेदोतला पाठीवर घेऊन आगीच्या नदीपलीकडे उडी मारते. ज्ञान कुठे सापडते याविषयी मी वाचलेल्या व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकात याहून नेमके काही नाही. राजाला ठाऊक नाही, कारभाऱ्याला नाही, प्रत्यक्ष चेटकिणीला नाही. निवृत्त बेडकीला आहे.

पलीकडे डोंगराच्या पोटात एक घर आहे. फेदोत लपून बसतो. दोन म्हातारे येतात आणि हुकूम सोडतात, 'ए श्मात-राझूम, जेवायला वाढ!' दिवे लागतात, मेज मांडले जाते, ताटे येतात, वाद्ये वाजू लागतात, पण वाढणारा दिसत नाही. म्हातारे खातात, पितात, 'उचल' म्हणतात आणि जातात. ज्याचे नाव राजाला सांगता आले नव्हते ते हेच : न दिसणारा राबता माणूस. फेदोत बाहेर येतो आणि तोही म्हणतो, श्मात-राझूम, मला जेवायला दे. ताट येते. मग तो गोष्टीतले सर्वांत साधे वाक्य बोलतो, की तूही ये, आपण बरोबर बसून जेवू, एकट्याला जेवण जात नाही. हवेतून आवाज येतो की या दोघांची चाकरी करताना मला तीस वर्षे होत आली, इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही मला आपल्याबरोबर बसवले नाही. तो जेवायला बसतो. फेदोतला माणूस दिसत नाही. समोरच्या पदार्थांचे तुकडे उचलले जाताना दिसतात, बाटली आपोआप कलते, पेले भरतात. जेवण झाल्यावर फेदोत विचारतो की माझ्याबरोबर येतोस का, आणि तो म्हणतो की का नाही येणार.

पुढे फेदोत परततो, राजाने त्याच्या बायकोला न्यायला येऊन पाहिलेले असते आणि ती होला होऊन खिडकीतून उडून गेलेली असते, मग लढाई होते, राजा मरतो आणि लोक फेदोतला गादीवर बसवतात. लोककथा आहे, तिला शेवट गोड करावाच लागतो, आणि तिथेही गादी तिला मिळत नाही, ती राणी होते. कादियेवका शहराला १९७८ मध्ये, स्ताखानोवच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, त्याचे नाव देण्यात आले. टेकू लावणाऱ्या त्या दोघांना त्या पाळीनंतर कोणी जेवायला बसवले होते का, हे मात्र १०२ टनांच्या हिशेबात कुठे येत नाही.